वसईचे जहाज, मोंबासाचा किल्ला

वसईच्या घंटांची गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगावी लागत नाही. मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला त्या आजही टांगलेल्या दिसतात. वसई तालुक्यात वाढलेल्या माणसाला ही यादी लहानपणापासून पाठ असते. मलाही होती. पुढे वीसेक वर्षे मी वसईच्या पोर्तुगीज काळाची टिपणे काढली. शिक्षणाने मी वाणिज्य शाखेचा, पोटापाण्यासाठी हिशेबनीस. इतिहासाचे वर्ग मी कधी केले नाहीत. ठाण्याचे गॅझेटियर, जर्सन द कुन्हा यांचे चौल-वसईवरचे १८७६चे पुस्तक आणि पांडुरंग पिसुर्लेकरांचे लेखन हेच माझे गुरुजी. पोर्तुगीज शिकलो ती शब्दकोश मांडीवर घेऊन. एवढे करूनही वसईतून बाहेर गेलेल्या वस्तूंच्या माझ्या यादीत फक्त घंटाच होत्या. सगळ्यांत मोठी वस्तू राहून गेली होती. ती सापडली घरापासून हजारो किलोमीटरवर, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे केनियात मोंबासा बंदरात राहिलो. हिंदी महासागराच्या त्या काठावर राहायला गेलेल्या कोकणी माणसाला पहिले काही महिने परके वाटतच नाही. माडाच्या वाड्या आहेत, शहाळी आहेत, भरती-ओहोटीवर चालणारी दिनचर्या आहे. बाओबाबची ढोली झाडेसुद्धा ओळखीची निघतात, कारण वसईच्या किल्ल्यात आपण त्यांनाच गोरखचिंच म्हणतो. तिकडे त्यांच्या बिया लाल पाकात घोळवून शाळेबाहेर विकतात. आपल्या किल्ल्यातली झाडे मूळची आफ्रिकेतली, समुद्रमार्गे आलेली असावीत, हे मी वाचले होते. ती बी चघळत रस्त्यावरून चालताना ते वाचन पहिल्यांदा खरे वाटले.

मोंबासाच्या जुन्या गावाच्या टोकाला, खाडीच्या तोंडाशी फोर्ट जीझस उभा आहे. तिकिटाच्या खिडकीवर दर वेगवेगळे आहेत: नागरिकांचा एक, परदेशी पर्यटकांचा दुसरा आणि तिथे राहणाऱ्या परदेशी माणसांचा तिसरा. मी ‘रहिवासी’ या तिसऱ्या रांगेतला. पुढे या किल्ल्याचा अभ्यास करताना मला ही रांग वारंवार आठवली. किल्ला माझा नव्हता, पण मी त्याच्याकडे चार दिवसांच्या पाहुण्यासारखे पाहूही शकत नव्हतो.

कैरातीचा किल्ला

या किल्ल्याचा आराखडा जिओव्हानी बात्तिस्ता कैराती याचा. हा मिलानचा स्थापत्यकार स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या सेवेत होता. १५८० नंतर पोर्तुगालचे राज्यही फिलिपकडे आले आणि कैरातीला पूर्वेकडच्या पोर्तुगीज किल्ल्यांचा मुख्य स्थापत्यकार म्हणून भारतात पाठवले गेले. मलाक्कापासून दमण-वसईपर्यंत त्याने तटबंदीची कामे पाहिली. मोंबासाचे काम १५९३मध्ये सुरू झाले. १५९६मध्ये कैराती गोव्यात वारला. हा त्याचा शेवटचा मोठा किल्ला.

वसईचा तट ज्याच्या पायाखालचा आहे, त्याला मोंबासाचा बुरूज चढताना कैरातीचे गणित कळते. बुरूज पुढे आलेला, टोकदार. एका बुरुजावरच्या तोफेने शेजारच्या बुरुजाच्या तोंडावर मारा करता यावा, कुठेही आंधळा कोपरा उरू नये, अशी रचना. आपल्या डोंगरी किल्ल्यांत डोंगरच अर्धे काम करतो. इथे ते काम भूमितीवर सोपवलेले असते. दगड मात्र वेगळा. मोंबासाचा किल्ला प्रवाळखडकावर उभा आहे आणि त्याच प्रवाळात बांधला आहे. भिंतीला हात लावला तर शिंपल्यांचे आणि पोवळ्यांचे ठसे बोटांना लागतात. बांधायला गवंडी भारतातून नेले होते आणि मजूर मालिंदीच्या राजाने पुरवले होते.

दरवाजावर १६३५चा एक शिलालेख आहे. फ्रांसिश्कु द सैशश काब्रैरा या कप्तानाने तो स्वतःच्या पराक्रमासाठी कोरून घेतला. किल्ल्याची दुरुस्ती, आसपासच्या राजांवर बसवलेली जरब, वसूल केलेली खंडणी असे सगळे त्यात आहे. या बढाईमागे चार वर्षांपूर्वीची एक नामुष्की होती आणि तिचा धागा गोव्यात जातो. मोंबासाचा राजपुत्र यूसुफ बिन हसन याचा बाप पोर्तुगीजांच्या कारस्थानात मारला गेला. पोराला गोव्याला नेले, ऑगस्टिनियन पाद्र्यांच्या मठात वाढवले, बाप्तिस्मा देऊन दोम जेरोनिमु हे नाव दिले आणि पुढे मोंबासाच्या गादीवर बसवले. ऑगस्ट १६३१मध्ये या दोम जेरोनिमुने किल्ल्यात शिरून कप्तानाला भोसकले, तो पुन्हा यूसुफ झाला आणि गावातल्या ख्रिस्ती वस्तीची कत्तल झाली. गोव्यात मिळालेल्या शिक्षणाचे असेही फळ निघू शकते, हे पोर्तुगीजांना तेव्हा कळले. शिलालेखात या राजाचा उल्लेख नुसता जुलमी राजा म्हणून आहे. गवंड्यांचा तर कुठेच नाही.

दोन भाषा, एक तुरुंग

१८९५पासून १९५८पर्यंत ब्रिटिशांनी या किल्ल्याचा तुरुंग केला होता. पुढे जेम्स कर्कमन यांनी उत्खनन केले आणि १९६०मध्ये तिथे संग्रहालय उघडले. २०११मध्ये युनेस्कोने किल्ल्याला जागतिक वारसा यादीत घेतले. जुन्या गावातले एक वृद्ध गृहस्थ मात्र मला किल्ल्याचा पत्ता सांगताना सहज ‘गेरेझा’ म्हणून गेले. स्वाहिलीत गेरेझा म्हणजे तुरुंग. हा शब्द पोर्तुगीज ‘इग्रेजा’वरून आला असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात, आणि इग्रेजा म्हणजे चर्च. तोच शब्द गोव्यात इगर्ज झाला, हिंदीत गिरजाघर झाला. एका किनाऱ्यावर प्रार्थनेची जागा राहिलेला शब्द दुसऱ्या किनाऱ्यावर कैदखाना झाला. किल्ल्याच्या आत चर्च होते आणि आत गेलेला माणूस सहज बाहेर येत नसे, हे लक्षात घेतले की या अर्थांतराचे नवल वाटत नाही.

मी त्या गृहस्थांना हे उत्साहाने सांगितले. मग घरी आल्यावर जाणवले की हसण्याचा अधिकार आपल्यालाही नाही. आपला ‘तुरुंग’ हा शब्दही पोर्तुगीजच आहे, ‘त्रोंकु’वरून आलेला. त्रोंकु म्हणजे खोड. कैद्यांचे पाय अडकवायचा लाकडी खोडा आणि त्यावरून कैदखाना. बटाटा, पाव, चावी, पगार, घमेले, काडतूस हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, हे आपण कौतुकाने सांगतो. त्या यादीत तुरुंगही आहे हे सांगायला विसरतो. मराठी आणि स्वाहिली या दोन भाषांची एकमेकींशी भेट फारशी झाली नाही, पण कैदेचा शब्द दोघींनी एकाच मालकाकडून घेतला.

‘तान्ना’ म्हणजे कोण?

संग्रहालयाच्या एका दालनात बुडालेल्या जहाजातून काढलेल्या वस्तू मांडल्या आहेत. मातीच्या मोठ्या बरण्या, चिनी मातीची भांडी, जहाजावरचे सामान. पहिल्या दोन भेटींत मी ते दालन भरभर ओलांडले. मला तट-बुरूज पाहायचे होते. तिसऱ्या वेळी बाहेर पाऊस होता म्हणून थांबलो आणि पाटी नीट वाचली. जहाजाचे नाव ‘सांतु आंतोनियु द तान्ना’. बांधणी: बासाईं, १६८१.

बासाईं म्हणजे वसई, हे मला कोणी सांगायला नको होते. ‘तान्ना’वर मात्र मिनिटभर अडलो. मग पोर्तुगीज नकाशांतले ठाण्याचे स्पेलिंग डोळ्यांपुढे आले. तान्ना म्हणजे आपले ठाणे. ठाण्याच्या संत अंतोनीच्या नावाचे, वसईच्या गोदीत बांधलेले, पन्नासएक तोफा वाहणारे युद्धजहाज मोंबासाच्या किल्ल्यासमोर समुद्राच्या तळाशी पडले होते. त्याच्या भांड्यांसमोरून मी दोनदा न पाहता गेलो होतो.

पुढची काही वर्षे सुट्टीचे दिवस या जहाजाच्या मागे गेले. बॉक्सर आणि आझेवेदु यांचे १९६०चे फोर्ट जीझसवरचे पुस्तक आणि सागरी उत्खननाचे अहवाल यांतून जी कथा जुळली ती थोडक्यात अशी.

ओमानच्या अरबांनी १६५०मध्ये पोर्तुगीजांकडून मस्कत परत घेतले आणि मग ते समुद्रावर त्यांच्या मागे लागले. १६६८मध्ये त्यांनी दीव लुटले. १६७४मध्ये मस्कतहून आलेले सुमारे सहाशे अरब वसईला उतरले. त्यांनी तटाबाहेरची चर्चे लुटली आणि शिबंदी आत दारे लावून बसून राहिली. हा प्रसंग ठाणे गॅझेटियरात मी अनेकदा वाचला होता आणि ‘चाचेगिरी’ या सदरात टाकून दिला होता. ती चाचेगिरी नव्हती. ती अर्ध्या शतकाच्या युद्धातली एक चकमक होती आणि त्या युद्धाचे पुढचे मोठे ठाणे मोंबासा होते.

या धामधुमीत, १६८१ साली, वसईच्या गोदीतून आपले जहाज पाण्यात उतरले. मराठी वाचकासाठी सांगायचे तर ते संभाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे वर्ष. दोनच वर्षांनी महाराजांनी गोव्यावर चाल केली. म्हणजे मराठ्यांच्या दृष्टीनेही हे जहाज शत्रूच्या आरमारातलेच होते.

मार्च १६९६मध्ये ओमानचे आरमार मोंबासाला आले आणि वेढा पडला. किल्ल्यात पोर्तुगीज जेमतेम पन्नास-साठ. बाकी हजार-दीड हजार माणसे आश्रयाला आलेले स्थानिक स्वाहिली लोक, त्यांत बायका-मुलेही. त्याच काळात इकडे जिंजीत राजाराम महाराज मोगलांच्या वेढ्यात होते. जिंजी १६९८च्या सुरुवातीला पडली, मोंबासा त्याच वर्षाच्या शेवटी. अन्न, पाणी आणि बाहेरून येणारी मदत यांवर वेढा ठरतो, हे दोन्हीकडे सारखेच. फरक असा की मोंबासाची मदत वर्षातून ठरावीक वाऱ्यांवरच येऊ शकत होती. गोव्याहून आफ्रिकेकडे जायचे तर हिवाळी ईशान्य मोसमी वारा हवा. तो चुकला की सहा महिने गेले.

१६९६च्या डिसेंबरअखेर अशीच मदत आली आणि तिच्यात सांतु आंतोनियु द तान्ना होते. माणसे आणि धान्य उतरवून जहाजे मोझांबिककडे गेली. मागे किल्ल्यात साथ पसरली. ऑगस्ट १६९७पर्यंत किल्ल्यातले जवळजवळ सगळे पोर्तुगीज मरून गेले. त्या दिवसांत किल्ला लढवला तो फाझाच्या राजपुत्राने, त्याच्या मूठभर नातेवाइकांनी आणि पन्नासच्या आसपास आफ्रिकन स्त्रियांनी. दरवाजावर कप्तानाची बढाई कोरलेला हा किल्ला त्या आठवड्यांत पोर्तुगीजांशिवाय उभा होता.

सप्टेंबरात जहाज मोझांबिकहून परत आले आणि किल्ल्याखाली नांगरून तोफा डागू लागले. ऑक्टोबर १६९७मध्ये शत्रूच्या माऱ्याने त्याचे नांगराचे दोर तुटले. ते वाहत जाऊन खडकाला लागले, सुकाणू गेले. कसेबसे ओढून आणले तरी ते वाचले नाही, तिथेच बुडाले. त्यानंतर वेढा आणखी वर्षभर चालला. १३ डिसेंबर १६९८ रोजी अरब तट चढून आत आले तेव्हा झुंजायला दहा-बारा माणसे उरली होती. काही दिवसांनी गोव्याची नवी मदत आली. किल्ल्यावर ओमानचे निशाण पाहून ती परत फिरली.

जवळजवळ तीनशे वर्षांनी पाणबुड्यांना जहाजाचा माग लागला आणि १९७७ ते १९८० या काळात सागरी पुरातत्त्वाच्या अमेरिकेतील एका संस्थेने केनियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाबरोबर त्याचे उत्खनन केले. वस्तू वर आणल्या. जहाजाचा सांगाडा मात्र पाण्याखालीच मोजून, रेखाटून पुन्हा वाळूने झाकून ठेवला. म्हणजे वसईची लाकडे आजही तिथेच आहेत.

कोणाचे जहाज?

हे सारे जुळल्यावर मला झालेला आनंद लपवत नाही. माझे आजोबा सुतार होते. खाडीकाठी मच्छीमारांच्या होड्या दुरुस्त करत. फळ्यांच्या फटींत कापूस आणि राळ ठासून भरणारे त्यांचे हात मला आठवतात. मोंबासाच्या तटावर उभे राहून खालच्या पाण्याकडे बघताना वाटायचे, खाली पडलेले काम आपल्या माणसांचे आहे. परदेशात राहणाऱ्याला असे वाटायची घाई असते. आपल्या गावाचा एक दगड जरी दिसला तरी तो उचलून छातीशी धरावासा वाटतो.

ती घाई एका प्रश्नाने मोडली. संग्रहालयात माहिती सांगणारा एक तरुण आता ओळखीचा झाला होता. त्याला मी अभिमानाने म्हणालो, “हे जहाज माझ्या गावच्या लोकांनी बांधलं.” त्याने शांतपणे विचारले, “आणि त्यातून काय नेत होते, ते तुमच्या गावात सांगतात का?”

त्याचा रोख मला कळला. मोझांबिकहून गोव्याकडे जाणाऱ्या पोर्तुगीज जहाजांतून माणसे विकायला नेली जात. गोव्यातल्या आणि वसईतल्या उमरावांच्या घरांत आफ्रिकन गुलाम राबत. वसईच्या वैभवाची वर्णने मी कितीदा उतरवून घेतली होती. पालख्या, छत्र्या, रेशमी कपडे यांच्यावर टिपा लिहिल्या होत्या. पालखीमागे छत्री धरून चालणारा माणूस कुठून आला, त्यावर एकही टीप लिहिली नव्हती.

त्या संध्याकाळी मी माझी वही पुन्हा काढली आणि ‘आपले जहाज’ हे शब्द खोडले. मग ते परत लिहिले, पण वेगळ्या विचाराने. वसईच्या किनाऱ्यावर जहाजे बांधण्याची कला पोर्तुगीजांनी आणली नाही. जवळचे आगाशी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच, पोर्तुगीज अंमल येण्याआधी, लाकडाच्या व्यापारासाठी आणि जहाजबांधणीसाठी नावाजलेले होते. जंगलातला साग ओळखणारे, तो खाडीतून तरंगवत आणणारे, कापणारे, जोडणारे लोक इथलेच होते. त्यांच्यावरचे राज्य बदलले. गुजरातच्या सुलतानाचे होते, पोर्तुगीजांचे झाले, मग पेशव्यांचे, मग कंपनीचे. ज्याचे राज्य त्याच्यासाठी त्यांनी जहाज बांधले. त्या जहाजाने काय केले, याचा निर्णय त्यांच्या हाती नव्हता. तरी तो प्रश्न टाळून त्यांच्या कौशल्याचा गौरव करता येत नाही.

हाच न्याय मोंबासाच्या गवंड्यांना लावावा लागतो, मालिंदीच्या मजुरांना लावावा लागतो, आणि साथीच्या दिवसांत तटावर उभ्या राहिलेल्या त्या पन्नास स्त्रियांनाही. त्या पोर्तुगीजांसाठी लढल्या की आपल्या जिवासाठी आणि आत अडकलेल्या आपल्या माणसांसाठी? निशाणांच्या इतिहासात त्यांना एकाच बाजूला उभे करावे लागते. माणसांच्या इतिहासात ते तितके सोपे नाही.

आणखी एक गोष्ट या शोधाने मला शिकवली. वसईचा पाडाव आपण १७३७मध्ये ठाणे-साष्टी घेतल्यापासून मोजतो. घाटावरून पाहिले तर ते बरोबर आहे. समुद्रावरून पाहिले तर मोजणी आधीच सुरू होते. मोंबासा १६९८मध्ये गेले. १७२८मध्ये पोर्तुगीजांनी ते परत मिळवले आणि पुढच्याच वर्षी कायमचे गमावले. त्यानंतर दहा वर्षांत वसई गेली. गोव्याची माणसे, पैसा आणि जहाजे चार दिशांना वाटली जात होती आणि प्रत्येक ठिकाणी मदत एक मोसम उशिरा पोहोचत होती. चिमाजी अप्पांच्या सैन्याने सुरुंग लावून, हजारोंचे प्राण वेचून वसईचा तट फोडला. त्या पराक्रमाचे मोल याने कमी होत नाही. पण ज्या सत्तेशी ते लढले तिला ओमानच्या खलाशांनी आधी किती थकवले होते, हे आपल्या पाठ्यपुस्तकात येत नाही. ओमानच्या इतिहासात तसेच वसईचे मराठे येत नसतील. एकाच समुद्राच्या दोन काठांवर दोघांनी एकाच सत्तेला टेकीस आणले, आणि दोघांचे पोवाडे एकमेकांना ठाऊक नाहीत.

मोंबासा सोडण्याआधी मी शेवटचा किल्ल्यात गेलो तेव्हा वेढ्याचा बुरूज पाहिला नाही की शिलालेख पाहिला नाही. संग्रहालयात प्लास्टरचा एक मोठा तुकडा जपून ठेवला आहे. एका बुरुजाच्या आतल्या भिंतीवर कुणा अनाम सैनिकांनी कोळशाने आणि गेरूने काढलेली चित्रे त्यावर आहेत. मासे आहेत, सरडा आहे, चिलखत घातलेली माणसे आहेत आणि जहाजे आहेत, बरीच जहाजे. पहाऱ्यावर बसलेला माणूस वाट पाहत काय काढणार? मी त्यांच्यासमोर बराच वेळ उभा होतो. गोव्याहून येणाऱ्या शिडाची वाट पाहणारा त्यांतला एखादा वसईचाही असेल, असे वाटायचा मोह झाला. मी तो आवरला.

आता मी वसईत परतलो आहे. किल्ला पाहायला येणाऱ्या शाळकरी मुलांना कधीमधी माहिती सांगतो. मुले घंटांची यादी अजून पाठ म्हणतात. मी त्यांना आधी गोरखचिंचेखाली नेतो, मग समुद्राच्या दरवाजापाशी, आणि यादीत एक नाव वाढवायला सांगतो.